साताऱ्या-सांगलीहून पहिल्यांदा मालवणला जाताय? सिंधुदुर्ग किल्ला नीट कसा बघायचा ते सांगतो

आपल्याकडच्या बहुतेक पोरापोरींनी अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा, प्रतापगड यातलं काही ना काही चढलेलं असतं, कडा कुठं आहे, दरवाजा कुठं लपवलाय, पाण्याची टाकी कुठं आहेत हे आपल्याला बघितल्या बघितल्या कळतं. पण तीच मंडळी मालवणला गेली की होडीतनं उतरतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात, मंदिरात पाया पडतात, फोटो काढतात आणि तासाभरात परत होडीत, वर म्हणतात काय नव्हतं ओ बघायला, सपाटच आहे सगळं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण महाराजांनी समुद्रात उभं केलेलं सगळ्यात मोठं काम आपण एका तासात गुंडाळून येतो. डोंगरी किल्ल्यावर जे काम कडा करतो ते इथं पाणी आणि पाण्याखालचे खडक करतात, एवढी एक गोष्ट डोक्यात घेऊन गेलात तर हा किल्ला आपोआप उलगडत जातो. म्हणून जायचं कधी, कसं, आधी काय, नंतर काय हे सगळं ओळीनं लिहितोय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

पहिलं काम, तारीख ठरवा आणि तिथी बघा

पावसाळ्यात, म्हणजे साधारण जून ते ऑगस्ट, किल्ल्याकडं जाणारी होडी बंद असते, त्यामुळं जुलैमध्ये हिरवंगार कोकण बघायला गेलात तर किल्ला किनाऱ्यावरनंच बघावा लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मे महिन्यात आंबे-फणस असतात पण दुपारी तटावर उभं राहवत नाही. दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा शक्यतो टाळा, राहायला जागा मिळत नाही आणि जेटीवर लाईन लागते.

आता तिथीचं सांगतो कारण हे आपल्याकडं कुणी बघत नाही. समुद्राला दिवसातनं दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते आणि रोज ती वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायला सुरुवात करायची. हा अंदाज आहे, पक्की वेळ तिथल्या होडीवाल्यांनाच विचारा, पण घरातल्या कॅलेंडरवर बघून ट्रिप ठरवायला एवढं बास होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त लांब जातं, अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी. किल्ल्याभोवतीचे खडक उघडे बघायचे असतील तर ओहोटीची वेळ साधायची.

दुसरं, रस्ता

सांगलीहून मालवण दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, साताऱ्याहून पावणेतीनशेच्या आसपास, आणि दोघांनाही कोल्हापूरवरनंच जाणं सोयीचं. कोल्हापूरपासून पुढं दोन मुख्य रस्ते आहेत, एक गगनबावड्यावरनं वैभववाडीला उतरतो आणि दुसरा राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाटानं. दोन्हीकडनं शेवटी मुंबई-गोवा हायवेला लागायचं, कणकवली, मग कसालला वळून मालवण. गगनबावड्याला खाली उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत, पण दुरुस्ती किंवा दरड यामुळं कधी एखादा बंद असतो म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. दाजीपूरचा रस्ता अभयारण्यातनं जातो, गवे रस्त्यावर येतात, रात्री नको. पहाटे निघा, घाट उजेडात उतरा, दुपारच्या जेवणाला मालवण. एसटीनं जाणाऱ्यांनी कोल्हापूरला गाडी बदलायची तयारी ठेवा. रेल्वेचं आपल्याला फारसं उपयोगाचं नाही, कोकण रेल्वेची जवळची स्टेशनं कुडाळ आणि कणकवली, पण आपल्याकडनं तिकडं जायला फिरून जावं लागतं.

तिसरं, राहायचं कुठं

सगळे तारकर्लीलाच रूम बघतात. तारकर्ली छानच आहे, पण किल्ला हा मुख्य विषय असेल तर पहिली रात्र मालवण गावात काढा, जेटीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, म्हणजे सकाळची पहिली होडी मिळते. घरगुती न्याहारी-निवासाच्या खोल्या भरपूर आहेत आणि जेवण तिथंच सांगितलं तर हॉटेलपेक्षा चांगलं मिळतं. दुसऱ्या रात्री तारकर्ली किंवा देवबागला जा.

चौथं, होडीत बसायच्या आधी मोरयाचा धोंडा

हे कुणीही चुकवू नका. किनाऱ्यावर एक मोठा खडक आहे, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत, त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी इथं पूजा करून समोरच्या बेटावर किल्ला बांधायला सुरुवात केली. बेटाचं नाव कुरटे. तिथं उभं राहून समोर बघा आणि विचार करा की १६६४ च्या जानेवारीत सुरत मारली आणि त्याच वर्षाच्या शेवटी समुद्रात तट उभा करायला घेतला. जंजिऱ्याचा सिद्दी हाताला लागत नव्हता, गोव्याला पोर्तुगीज, सुरतेला इंग्रज, आणि आपलं राज्य म्हणजे सगळं डोंगराचं, घोड्याचं. घाटावरच्या माणसानं समुद्राचा असा विचार करणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. किल्ला पुरा होण्याआधीच, १६६५ च्या फेब्रुवारीत, महाराज मालवणातनंच गलबतं घेऊन बसरूरच्या स्वारीला गेले.

जागा हुडकायला स्थानिक कोळ्यांची मदत झाली आणि बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी बघितलं असं परंपरेनं सांगतात, रायगडाच्या बांधकामाशी नाव जोडलेले तेच हिरोजी. साधारण तीन वर्षं काम चाललं, १६६७ ला किल्ला उभा झाला.

पाचवं, होडी

मालवणच्या धक्क्यावरनं तिकीट काढून होडी मिळते, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास आहे. लाईफ जॅकेट घालाच, पोहता येत असलं तरी. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि त्याच होडीनं परत यायचं असतं, म्हणून तिकीट काढतानाच नीट बोलून घ्या की आम्हाला जास्त वेळ पाहिजे, मागच्या होडीनं येऊ. आदरानं "काका, तट फिरायचाय आम्हाला" म्हणून सांगितलं की बहुतेक वेळा सोय होते. पाण्याची बाटली, टोपी, आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट, चप्पल नको.

होडीत बसलात की मोबाईल खिशात ठेवा आणि होडी कशी जाते ते बघा. सरळ जात नाही. पाण्याखाली खडक आहेत, काही उघडे, काही झाकलेले, आणि होडीवाला ठरलेल्या वाटेनंच वळणं घेत नेतो. मोठं जहाज घेऊन आलेल्या शत्रूला ही वाट माहीत नसणार, तो एकतर लांब थांबणार नाहीतर खडकावर आपटणार. आपल्या वासोट्याला जसा कडा तसा या किल्ल्याला हा खडकांचा पट्टा.

सहावं, दरवाजा

होडी धक्क्याला लागली तरी दरवाजा दिसत नाही. समोर नुसता तट. दोन बुरुजांच्या मधनं वळून आत गेल्यावर एकदम दरवाजा समोर येतो, रायगडाच्या महादरवाजाची आठवण होते, समोरून तोफ डागायला जागाच नाही. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, मारुती आहे, वर नगारखाना. इथनंच वर तटावर चढा, छोट्या घुमट्यांमध्ये चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. पायातले बूट काढा, गर्दी असेल तर थांबा, फोटोसाठी रेटारेटी करू नका.

सातवं, तट फिरा, हाच खरा किल्ला

इथं बहुतेक लोक खाली उतरून मंदिराकडं जातात. तुम्ही आधी फांजीवरनं, म्हणजे तटावरच्या वाटेनं चाला. तट साधारण तीन किलोमीटरचा आहे, उंची तीसेक फूट, आतली जागा ४८ एकर. आणि सरळ कुठंच नाही, सगळा नागमोडी, आत जातो, बाहेर येतो, बेटाचा खडक जसा फिरलाय तसा. त्यामुळं कुठल्याही बुरुजावर उभं राहिलं की शेजारच्या तटाचा पायथा दिसतो, खाली येऊन लपायला जागा राहत नाही. जंग्यांमधनं, म्हणजे तटात मारा करायला ठेवलेल्या भोकांतनं वाकून बघा, कुठली जंगी कुठं रोखलीय ते लक्षात येतं. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलंय, म्हणून साडेतीनशे वर्षं लाटा आपटून पण बराचसा तट जागेवर आहे. पश्चिमेला उघडा समुद्र आहे, तिकडच्या लाटांचा जोर आणि गावाकडच्या बाजूचं शांत पाणी यातला फरक स्वतः उभं राहून बघा. काही ठिकाणी तट खचलाय, झाडी आहे, तिथं हट्ट न करता खाली उतरायचं आणि पुढच्या जिन्यानं परत वर. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, बाहेरच्या बाजूला थेट खडक आणि पाणी.

वाटेत तटातनं बाहेर जाणारी एक लहान दिंडी आहे, तिच्यापलीकडं वाळूचा छोटा तुकडा, त्याला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई इथं स्नानाला येत असं सांगतात. किल्ल्यातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. तटात जागोजागी शौचकूप काढलेत तेही बघा, एवढी माणसं बेटावर ठेवायची तर स्वच्छतेचा विचार आधीच केलेला होता.

आठवं, पाणी आणि मंदिर

खाली आलात की विहिरी बघा. दूध बाव, दही बाव आणि साखर बाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधल्या विहिरींना गोड पाणी, लोक याला चमत्कार म्हणतात, पण त्यामागचं कारण कळलं की जास्त भारी वाटतं. बेटावर पडणारा पाऊस जमिनीत, खडकाच्या भेगांत मुरतो, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळं ते वर तरंगून राहतं, आणि विहीर त्या गोड्या थरापुरतीच खोल घेतली की झालं. जास्त खोल गेलं किंवा जास्त उपसलं तर खारं वर येणार. म्हणजे किती खोदायचं आणि किती काढायचं हे बांधणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना माहीत होतं. दुष्काळी भागातल्या, जतच्या माणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, त्याला लगेच पटतं.

मग शिवराजेश्वर मंदिर. महाराजांचं हे मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं, ज्यांनी पुढं साताऱ्याला राजधानी नेली तेच. आतली मूर्ती आपण नेहमी चित्रात बघतो तशी नाही, दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. पुढचा सभामंडप कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधला. आत शांत राहा, पूजा चालू असेल तर थांबून बघा. भवानी, महापुरुष, जरीमरी अशी आणखी मंदिरं आहेत. फांदी फुटलेल्या माडाबद्दल गाईड सांगतील, वीज पडून त्याचं नुकसान झालं.

आणि एक, किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. त्यांची घरं, अंगण, वाळत घातलेले कपडे हे आपल्या फोटोसाठी नाहीत. पावसाळ्यात होडी बंद झाली की त्यांचं किराणा, दवाखाना, पोरांची शाळा सगळं अवघड होतं. त्यांच्या दारात कोकम सरबत मिळतं ते घ्या, भाव करू नका, मावशींशी दोन शब्द बोला, पुस्तकात नसलेलं बरंच कळतं. प्लास्टिकची बाटली परत आपल्याबरोबर आणायची.

थोडा इतिहास जो आपल्याशी जोडलेला आहे

हा किल्ला साताऱ्याच्या गादीकडं न राहता कोल्हापूरकडं कसा गेला असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडायलाच पाहिजे. राजाराम महाराजांनंतर घराणं दोन गाद्यांत वाटलं गेलं, सातारा आणि कोल्हापूर, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं हद्द पक्की झाली, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला. सांगलीकरांनो, हरिपूरला संगमेश्वराला जाता तेव्हा कृष्णेला जी येऊन मिळते तीच ही वारणा, तिच्यावरनं ही रेघ ओढली गेली. त्याच वाटणीत सिंधुदुर्ग कोल्हापूरकडं राहिला. १७६५ ला इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पण पैसे आणि अटी घेऊन परत करावा लागला, ते नाव काही टिकलं नाही. शेवटी १८१२ च्या करारानं मालवण इंग्रजांकडं गेलं. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आपला प्रतापगड आहे आणि सिंधुदुर्ग पण आहे. एक डोंगरावरचा आणि एक समुद्रातला, दोन्ही बघून झाले की महाराजांचा विचार किती लांबचा होता ते कळतं.

नववं, किनाऱ्यावरचं बाकी

पद्मगड म्हणून एक छोटा किल्ला सिंधुदुर्गाच्या शेजारीच आहे, चांगल्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरनं चालत जाता येतं. पण एकट्यानं नाही, गावातल्या माणसाला विचारून आणि पाणी उतरत असतानाच निघायचं, पाणी फिरलं की लगेच मागं. राजकोटवर महाराजांचा पुतळा आहे, आधीचा २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला होता, २०२५ मध्ये नवा उभा केला, तिथनं सिंधुदुर्ग छान दिसतो. रॉक गार्डन संध्याकाळी बरं आहे. पहाटे लवकर उठलात तर किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला मिळेल, दोन्ही बाजूंनी माणसं मोठं जाळं ओढत आणतात, बघत उभं राहण्यापेक्षा हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. नारळी पौर्णिमेला गेलात तर धक्क्यावरची जत्रा आणि नारळ लढवणं बघा, पण तेव्हा किल्ल्याची होडी नसते हे धरून चला.

तारकर्लीच्या पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, होडीनं संगम दाखवतात. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, रात्री दारू पिऊन सकाळी पाण्यात उतरू नये, आणि पैसे किती, पाण्यात किती वेळ, व्हिडिओ धरून की वेगळा हे आधी ठरवून घ्या. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत, पाय टेकवू नका, तोडून आणू नका.

पोहण्याचं कळकळीनं सांगतो. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला माणूस समुद्रात निर्धास्त उतरतो आणि तिथंच घात होतो. नदीचा ओढा एका दिशेचा असतो, समुद्र मागं खेचतो आणि देवबागला नदी आणि समुद्र दोन्ही एकाच जागी. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, ओहोटीला तर नाहीच. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, दमाल, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढ्याच्या बाहेर पडा आणि मग आत या. लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही.

दहावं, जेवण

तांबड्या-पांढऱ्या रश्शाची सवय असलेल्यांना मालवणी तिखट जड जात नाही, फरक आहे तो ओल्या नारळाचा आणि कोकमाचा. पहिल्या दिवशी बांगडा खा, ताजा आणि स्वस्त, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मिळालं तर सोडू नका. सुरमई, पापलेट मोठ्या साईजचं असेल तर भाव आधी विचारा. तिसऱ्या (शिंपल्या), कोंबडी-वडे, सोलकढी हे तर आहेच. घरात शाकाहारी माणसं असतील तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, आंबोळी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे, त्यांचीही चंगळ होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मासा मिळेलच असं धरू नका.

येताना आमसूल, मालवणी मसाला, काजू आणि गुळाचं खाजं घ्या, कोकमाचं आगळ (घट्ट रस) घेतलंत तर बाटलीला प्लास्टिक गुंडाळून उभी ठेवा, डाग जात नाही. मासे आणायचे असतील तर थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून देतात, सकाळी घेऊन लगेच निघा. दुपारी दोनच्या आत मालवण सोडलं तर घाट उजेडात चढून होतो, गगनबावड्याला संध्याकाळी धुकं उतरतं, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उशीर झाला तर सरळ कणकवलीला मुक्काम करा आणि सकाळी निघा.